आयर्लंडमधली खेड्यातली शाळा आणि घराण्याचा माग

आयर्लंडमध्ये पणजोबा-खापरपणजोबांचा माग काढायला अमेरिकेहून, ऑस्ट्रेलियाहून येणारी माणसं आधी चर्च गाठतात, मग दफनभूमी. गावाबाहेरच्या दगडी शाळेकडे लक्ष जातं ते बहुधा उशिरा. खरं तर तुटलेला दुवा पुष्कळदा तिथेच जुळतो, कारण त्या देशाच्या सरकारी कागदांची पार धूळधाण झालेली आहे.

१८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे तक्ते सरकारनेच नष्ट केले. १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत काढून त्यांचा लगदा झाला. त्याआधीचे बहुतेक गठ्ठे जून १९२२ मध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातल्या अभिलेखागाराबरोबर जळाले. त्यामुळे घरटी पूर्ण माहिती देणारी पहिली शाबूत जनगणना १९०१ ची. सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंदही १८६४ मध्ये सुरू झाली.

शाळांची रजिस्टरं मात्र गावातच होती, म्हणून वाचली.

या शाळा आल्या कुठून? अठराव्या शतकात कॅथलिकांना शाळा चालवायला कायद्याने बंदी होती. मास्तर कुंपणाच्या आडोशाला, नाहीतर एखाद्या गोठ्यात मुलं जमवून शिकवत. या ‘हेज स्कूल’ची लेखी नोंद क्वचितच मिळते. १८३१ मध्ये आयर्लंडचे तेव्हाचे मुख्य सचिव एडवर्ड स्टॅन्ली यांच्या योजनेतून राष्ट्रीय शाळांचं मंडळ उभं राहिलं. इमारतीचा दोन-तृतीयांश खर्च मंडळ देई, बाकीचा गावाने उभा करायचा. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट गावकऱ्यांनी मिळून केलेल्या अर्जाला झुकतं माप मिळे. त्यामुळे जुन्या अर्जांवर दोन्हीकडच्या माणसांच्या सह्या सापडतात.

पण खरा ऐवज म्हणजे दाखल रजिस्टर. मुलग्यांचं वेगळं, मुलींचं वेगळं. एका ओळीत दाखल क्रमांक, तारीख, नाव, वय, धर्म, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा, आधीची शाळा. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण, आणि तिथे कधी कधी नुसतं ‘अमेरिका’. ‘राहण्याचं ठिकाण’ हा रकाना सर्वांत मोलाचा. आयर्लंडमध्ये साठ हजारांवर टाउनलँड आहेत, आपल्याकडच्या वाडी-शिवाराएवढी. एकाच पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, मर्फी आडनावाची दहा घरं असली तरी टाउनलँड आणि बापाचा धंदा कळला, की आपलं घर कोणतं ते बरंचसं ठरतं. वयावर मात्र फार विसंबू नये. ते अंदाजानेच लिहिलं जाई. नावांचंही तसंच: तोच मुलगा एका वर्षी आडनावाआधी ‘ओ’ लावून, पुढे त्याशिवाय. हजेरीपटात बटाट्याच्या लावणी-काढणीच्या आणि पीट (दलदलीतली जळाऊ माती) कापायच्या दिवसांत गैरहजेरी भरलेली दिसते, त्यावरून घरची परिस्थिती ताडता येते.

शाळेशी जोडलेला दुसरा साठा १९३७ ते १९३९ दरम्यानचा. लोककथा आयोगाने दक्षिणेकडच्या २६ परगण्यांतल्या सुमारे पाच हजार शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना कामाला लावलं: घरी जा, आजी-आजोबांना विचारा, वहीत उतरवा. दुष्काळाच्या आठवणी, पडकी घरं, औषधी पाला, भुताखेतांच्या गोष्टी असं सगळं त्यात आहे. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं आणि ते आज इंटरनेटवर फुकट वाचता येतं. वंशावळीचा पुरावा म्हणून याचा गवगवा जरा जास्तच होतो, असं माझं मत. तारखा त्यात फारशा मिळत नाहीत. पण ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव, वय आणि पत्ता मुलं अनेकदा खाली लिहीत, आणि तो सांगणारा म्हातारा एखाद्याचा खापरपणजोबा निघू शकतो.

१९६० च्या दशकापासून एक-दोन शिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिसळल्या गेल्या. जुन्या इमारतीत आता कुणाचं घर असतं, कुठे समाजमंदिर. तिथे दार ठोठावून रजिस्टर मिळत नाही. ज्या शाळेत ती विलीन झाली तिथे किंवा पॅरिशच्या पाद्रीबाबांकडे चौकशी करावी. काही रजिस्टरं डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पोचली आहेत, तर उत्तर आयर्लंडमधल्या शाळांची बरीचशी बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागारात.