रिकाम्या वर्गापासून रेल्वे पासपर्यंत: युरोपातल्या स्वस्त भटकंतीची पार्श्वभूमी

पाठीवर सॅक, रात्री डॉर्ममध्ये मुक्काम, सकाळच्या गाडीने पुढचं शहर. युरोप कमी पैशांत असा पाहता येतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण ही सोय काही बाजाराने आपणहून केलेली नाही. तिच्या मुळाशी एका शिक्षकाची चिकाटी आहे, रेल्वेंनी मिळून घेतलेले निर्णय आहेत आणि सरकारांनी केलेले करार आहेत.

रिचर्ड शिरमान हे जर्मनीतल्या आल्टेनाचे शिक्षक. आल्टेना हे तारेच्या कारखान्यांचं गाव. मुलांना वर्गाबाहेर, रानावनात न्यावं, चालत चालत शिकवावं, असा त्यांचा आग्रह होता. ऑगस्ट १९०९ मध्ये आखेनच्या दिशेने पायी निघालेली त्यांची मुलं वादळात सापडली आणि वाटेतल्या एका गावच्या शाळेत थांबली. बाकं बाजूला सारली, शेतकऱ्याने दिलेला पेंढा पसरला, जेवणाला दूध मिळालं. बाहेर विजा कडाडत होत्या, मुलं झोपली होती आणि गुरुजी जागे होते. त्या रात्री त्यांच्या मनात आलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात. एका दिवसाच्या चालीवर एक शाळा मुक्कामाला मिळाली, तर गरिबाच्या पोरालाही देश बघता येईल.

पुढच्या वर्षी त्यांनी ही कल्पना वर्तमानपत्रात मांडली आणि मदतीचा ओघ सुरू झाला. आधी त्यांच्याच शाळेत सोय झाली. मग पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचं युथ हॉस्टेल आलं. तिथले जाडजूड लाकडी बंक आजही संग्रहालय म्हणून बघायला मिळतात. १९३२ साली ॲमस्टरडॅममध्ये युथ हॉस्टेलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि शिरमान त्याचे अध्यक्ष झाले. पण लगेच पुढच्या वर्षी नाझींनी जर्मनीतली हॉस्टेलं हिटलर युथ या आपल्या युवक संघटनेच्या हाती दिली आणि १९३६ मध्ये शिरमानना अध्यक्षपद सोडावं लागलं. मुलांना सीमेपलीकडे मित्र मिळावेत, म्हणून उभारलेल्या वास्तूंचा असा वापर व्हावा, हे या इतिहासातलं सर्वांत क्लेशदायक पान आहे.

युद्धानंतर चळवळ पुन्हा उभी राहिली. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं ज्या संस्थेबरोबर हिमालयातला पहिला ट्रेक करतात, ती युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया याच परिवारातली.

तोवर हॉस्टेल म्हणजे मुख्यतः पायी किंवा सायकलवर फिरणाऱ्यांचा निवारा. झाडलोट, भांडी अशी कामं पाहुण्यांनीच वाटून घ्यायची, रात्री ठरल्या वेळी दिवे बंद. शहरांकडे ओघ वळवला तो रेल्वेने. एकाच पासावर अनेक देशांच्या रेल्वेत फिरू देणारा युरेल पास युरोपाबाहेरच्या प्रवाशांसाठी १९५९ पासून होता. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या पन्नाशीनिमित्त युरोपातल्याच मुलांसाठी तसाच इंटररेल पास आला: वयाची अट २१ पर्यंत, २१ देश, एक महिना. स्वतःच्या देशात अर्ध तिकीट, बाकी देशांत मोकळा प्रवास. योजना त्या एका वर्षापुरतीच होती, पण मुलांनी ती इतकी उचलून धरली की बंद करणं अवघड झालं. रात्रीच्या गाडीत झोपलं की मुक्कामाचा खर्चही वाचायचा. पॅरिसला चढून सकाळी दुसऱ्याच देशात उतरायचं, हे सामान्य घरातल्या पोरांना पहिल्यांदाच परवडू लागलं.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. १९८५ मध्ये शेंगेन करार झाला आणि १९९५ पासून सात देशांतल्या सीमांवरची तपासणी थांबली. १९९७ पर्यंत युरोपीय संघातलं विमानक्षेत्र पूर्ण खुलं झालं, त्यातून स्वस्त विमानसेवा फोफावल्या. २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या. स्वस्त विमानांपुढे रात्रीच्या अनेक गाड्या टिकल्या नाहीत. जर्मन रेल्वेने २०१६ अखेर आपल्या स्लीपर गाड्या बंद केल्या, तेव्हा त्यांतल्या काही मार्गांची जबाबदारी ऑस्ट्रियाच्या रेल्वेने घेतली. माझ्या मते या भटकंतीवर अलीकडे झालेला तो सर्वांत मोठा उपकार.

आपल्याकडून जाणाऱ्यांचा अनुभव मात्र थोडा वेगळा असतो. शेंगेनच्या एका व्हिसावर आज २९ देश फिरता येतात, पण अर्जासोबत मुक्कामाची बुकिंग, प्रवासाचा आराखडा आणि किमान ३०,००० युरोंचा विमा दाखवावा लागतो. युरेल पास हातात असला, तरी फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. त्यामुळे फलाटावर उभं राहून आजची गाडी ठरवण्याची मुभा आपल्या मुलांना मिळते ती जर्मनी, ऑस्ट्रियासारख्या देशांत, जिथे बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही.