हलता कॅमेरा, हलता बिंदू

ताशी 108 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू दोन जण दोन बाजूंनी फोनवर टिपतायत असं समजा. सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात चेंडू एक मीटर पुढे. दोन फोन एका फ्रेमने मागेपुढे असले, तरी त्यांच्यातून काढलेल्या दृष्टिरेषा (कॅमेऱ्यापासून चेंडूकडे जाणाऱ्या सरळ रेषा) चेंडूपाशी भेटतच नाहीत.

अनेक फोटोंवरून कॅमेऱ्यांच्या आणि वस्तूंच्या जागा काढणारी अनेक कॅमेऱ्यांची भूमिती इथेच अडते, कारण कॅमेरा फिरतो आणि जग थांबलेलं असतं, हे तिने धरूनच चाललेलं. ऑस्ट्रियाच्या एर्विन क्रुप्पांनी 1913 मध्ये दाखवलं की कॅमेऱ्याची अंतर्गत मापं (भिंगाचं नाभीय अंतर वगैरे) ठाऊक असली, तर दोन्ही फोटोंत दिसणाऱ्या पाच जुळत्या बिंदूंवरून दोन फोटोंमधली हालचाल मोजक्या शक्यतांवर आणता येते. 1981 मध्ये लाँगे-हिगिन्स (मूळचे रसायनशास्त्रज्ञ!) यांनी 'नेचर'मध्ये आठ बिंदूंची सोपी रीत दिली. 1992 मध्ये फोजेरास आणि हार्टली यांनी मापं ठाऊक असण्याची अटही काढून टाकली. दृश्य मात्र स्थिरच.

मग हलणाऱ्या गोष्टींचं काय? त्या गाळायच्या. 1981 चीच 'रॅन्सॅक' ही पद्धत बहुमताशी न जुळणारे बिंदू बाद करते. चालणारी माणसं, गाड्या त्यातच जातात. ज्यांच्यासाठी व्हिडिओ काढला, नेमकी तीच! 1998 मध्ये कोस्टेइरा-कानाडे यांनी वेगवेगळ्या हलणाऱ्या घन वस्तूंचे बिंदू आपोआप वेगळे करून दाखवले, पण एकट्यादुकट्या बिंदूचा प्रश्न उरलाच.

तो आविदान आणि शशुआ यांनी 2000 मध्ये उलटा धरला. बिंदू नको, त्याची वाट शोधा. बिंदू सरळ रेषेत जात असेल, तर ती रेषा प्रत्येक फोटोतल्या दृष्टिकिरणाला (म्हणजे दृष्टिरेषेलाच) छेदणारच. अवकाशातली रेषा ठरवायला चार आकडे लागतात आणि प्रत्येक किरण एक अट घालतो. चार किरणांना छेदणाऱ्या दोन रेषा निघू शकतात, पाचवा फोटो त्यातली खरी निवडतो. कॅमेरे कुठे होते, ते स्थिर पार्श्वभूमीवरून आधीच काढलेलं असतं.

वाट वाकडी असली तर? 2008 मध्ये अख्तर, शेख, खान आणि कानाडे यांनी कुठलीही वाट ठरावीक लहरींची (संथ-जलद वरखाली होणाऱ्या वक्रांची) बेरीज म्हणून मांडली. हीच मांडणी वापरून 2010 मध्ये पार्क आणि सहकाऱ्यांनी एक विचित्र अट दाखवली: कॅमेऱ्याची स्वतःची वाटही त्याच लहरींत नीट बसत असेल, तर बिंदूची वाट ओळखता येत नाही. म्हणजे खेळाडूबरोबर अलगद सरकणारा सराईत कॅमेरामन इथे कुचकामी. गर्दीत इकडून तिकडून उंचावलेले फोन कामाचे.