चढणीचे मासे आणि मत्स्यशास्त्र : सीमाभागातील नद्यांची पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस लागला की ओढ्या-ओहोळांतून धारेविरुद्ध वर येणारे ते ‘चढणीचे मासे’. पोटात गाबोळी असते आणि ती सोडायला त्यांना उथळ, ताजे, वाहते पाणी लागते. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या नद्यांत मत्स्यशास्त्रज्ञांचे काम शेवटी या चढणीपाशीच येऊन ठेपते.

सुरुवात नावांपासून झाली. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा खुद्री, कोलूस, मुसल्ला, पोटेल ही नावे स्थानिक बोलीतूनच घेतली. ती आजही शास्त्रीय नावांत टिकून आहेत. मासा ओळखण्याचे पहिले ज्ञान भोयांचे होते, हे विसरता कामा नये.

तळ्यांत आणि जलाशयांत वाढवायला सोडतात ते कटला, रोहू, मृगळ हे मासे मात्र मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, पूर्वी नदीतूनच गोळा करावे लागे आणि त्यात शिकारी माशांची पिल्लेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांना माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश आले. पुढे पद्धत बसली ती अशी : मादीला दर किलो वजनामागे २-३ मिलिग्रॅमची पहिली मात्रा, साधारण सहा तासांनी ५-८ मिलिग्रॅमची दुसरी, आणि त्याच वेळी नराला २-३ मिलिग्रॅमची एकच. मादी पुरती पिकलेली नसेल तर अंडी फळत नाहीत, पांढरी पडून कुजतात.

घटप्रभेवरचे हिडकल धरण १९७७ मध्ये पूर्ण झाले. अशा धरणाची भिंत चढणीची वाट अडवते. जलाशयात बीज सोडणे हा त्यावरचा सोपा उपाय, कारण सोडलेले बीज मोजता येते. पण जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, सोडून भागत नाही. ते शिवड्यासारख्या शिकारी माशांच्या पोटात जाते. म्हणून १० सेंटिमीटरच्या आसपासची बोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्ले) सोडावी लागते. बारीक आसाच्या जाळ्यात तीच पहिल्या वर्षी निघाली तर सगळा खर्च पाण्यात. त्यातच १९५२ मध्ये देशात आणलेली तिलापिया : मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि गर्दी झाली की सगळेच मासे खुरटतात. उत्पादन वाढवायच्या घाईत नदीच्या मूळच्या माशांकडे फार उशिरा लक्ष गेले, असे आम्हाला वाटते.

दूधगंगा-वेदगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला खांबांमध्ये बसवायच्या काढत्या-घालत्या फळ्या, पावसाळ्यात काढलेले असतात, म्हणून चढणीला वाट मिळते. बरगे घातले की पाणी तुंबते. त्यात कारखान्याची मळी किंवा गावाचे सांडपाणी उतरले तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. लिटरला ५ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर बहुतेक मासे ठीक राहतात. ३ च्या खाली गेला की पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. मोजणी पहाटे करायची, कारण रात्रभर वनस्पतीही प्राणवायू वापरतात आणि सूर्योदयाआधी तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा फसवा.

बरगे एकदम काढले तर तळाचे काळे पाणी एका लोंढ्यात खाली जाते आणि पुढच्या डोहातले मासे मरतात. म्हणून नदीला थोडे पाणी आल्यावर ते टप्प्याटप्प्याने काढावेत. फार उशीर झाला तर चढणीचे मासे बंधाऱ्याच्या पायथ्याशी अडकतात, आणि नेमकी तिथेच जाळी लावलेली असतात.