दोन लाटांच्या मधली वेळ

5 नोव्हेंबर 1952 च्या पहाटे रशियाच्या अतिपूर्वेच्या एका बेटावरच्या सेवेरो-कुरिल्स्क गावातले लोक सुनामीपासून जीव वाचवायला डोंगराकडे पळाले आणि वाचले. मग त्यातले बरेच जण घरी परत आले. ते परत आले म्हणून प्राणाला मुकले.

भूकंप चारच्या सुमारास झाला होता. साधारण 40 मिनिटांनी समुद्राकडून पहिली लाट आली. खालच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या, मग पाणी ओसरलं, इतकं की किनाऱ्याजवळचा तळ उघडा पडला. वर चढून बसलेल्यांना वाटलं, झालं ते झालं. कोणी घरच्यांना शोधायला उतरलं, कोणी गरम कपडे आणायला. नोव्हेंबरची थंडी होती आणि माणसं अंथरुणातून उठून तशीच पळाली होती. पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी लाट आली. ती पहिलीपेक्षा खूप मोठी, दहा मीटरांच्या घरातली होती. तिने गाव धुऊन नेलं. तिसरी त्यामानाने लहान होती आणि तोवर तिला पाडायला फारसं काही उरलं नव्हतं.

गावाची वस्ती तेव्हा साधारण सहा हजार होती. त्या पहाटे गेलेल्यांचा पुढे उघड झालेला अधिकृत आकडा 2,336 आहे. सोव्हिएत वर्तमानपत्रांत यातली एक ओळही छापून आली नाही. दोन दिवसांवर क्रांतीचा वर्धापनदिन होता आणि सीमेवरचं लष्करी महत्त्वाचं बेट होतं. पुढे कित्येक दशकं देशाला या घटनेचा पत्ताच नव्हता.

त्या परत उतरलेल्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांनी मूर्खपणा केला नव्हता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात लाटेचं जे चित्र असतं तेच त्यांच्याही डोक्यात होतं. किनाऱ्यावर उभं राहिलं की दहा-पंधरा सेकंदांनी एक लाट फुटते, मागे जाते, दुसरी येते. ती वाऱ्याने उठवलेली असते आणि हालचाल वरवरच्या पाण्यातच असते. सुनामीत समुद्राचा तळच उचलला किंवा खचलेला असतो, त्यामुळे तळापासून पृष्ठभागापर्यंतचं सगळं पाणी हलतं. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर शेकडो किलोमीटर असू शकतं आणि दोहोंच्या मध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा वेळ जातो. म्हणजे लाटेपेक्षा ती उधाणाच्या भरतीसारखी जास्त असते. फरक इतकाच की सहा तासांचं काम ती काही मिनिटांत उरकते. मधली ओहोटी इतकी लांबते की सुनामी संपल्यासारखी वाटते. शिवाय पहिलीच लाट सर्वांत मोठी असेल असा काही नियम नाही. किनाऱ्याचा आकार, उथळ तळ, अरुंद सामुद्रधुनी यांवरून आपटून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि दुसरी, तिसरी, कधी त्याहून पुढची लाट सगळ्यांवर कडी करते. सेवेरो-कुरिल्स्क अशाच चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या काठावर आहे. समोर शुमशू बेट, मध्ये जेमतेम दोन-तीन किलोमीटर पाणी.

मग पहिल्या लाटेला 40 मिनिटं का लागली? सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. चार हजार मीटर खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरने, विमानाच्या वेगाने धावते. पाणी शंभर मीटर उथळ झालं की वेग ताशी 110 किलोमीटरवर येतो, दहा मीटरवर 35 च्या आसपास. पुढचं पाणी मंदावतं, मागचं त्यावर चढतं, म्हणून किनाऱ्याशी उंची वाढते. हा उथळ भाग जितका रुंद तितकी पळायला सवड जास्त. त्या पहाटे ती सवड मिळाली होती, आणि पहिल्या वेळी लोकांनी ती वापरलीही होती.

हे गाव परामुशीर बेटावर आहे. रशियाचा कामचात्का द्वीपकल्प आणि जपानचं होक्काइदो यांच्यामध्ये कुरील बेटांची माळ पसरली आहे, तिच्या उत्तर टोकाजवळ. 1945 पर्यंत इथे जपानी वस्ती होती आणि गावाचं नाव काशिवाबारा होतं. युद्धानंतर ते सोव्हिएत झालं, पण वसलं जुन्याच जागी, समुद्रालगतच्या सखल पट्ट्यावर. आज वस्ती अडीच हजारांच्या आसपास आहे. जाण्यायेण्याला जहाज नाहीतर हेलिकॉप्टर, आणि धुकं असलं की तेही नाही.

अक्षांश पाहिला तर नवल वाटतं. 50 अंश 40 मिनिटं, म्हणजे हे गाव लंडनच्याही दक्षिणेला आहे. तरी इथे ऑगस्टचं सरासरी तापमान दहा-अकरा अंशांच्या आसपास राहतं आणि उंच झाडं वाढत नाहीत. जमिनीलगत पसरणारे बुटके पाइन आणि अल्डरची झुडपं तेवढी दिसतात. लंडनला अटलांटिकचा उबदार प्रवाह मिळतो. इथे उत्तरेकडून ओयाशिओ नावाचा थंड प्रवाह येतो आणि हिवाळ्यात सैबेरियाचा वारा. पण जपानी भाषेत ओयाशिओचा अर्थ आहे ‘मायबाप प्रवाह’. खोलातली पोषक द्रव्यं त्याच्यासोबत येतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, पोसतं, प्लवकावर मासे. गाव जगतं ते या माशांवर, मुख्यतः पोलॉक आणि सॅमनवर.

समुद्राकडे पाठ केली की सुमारे सात किलोमीटरवर एबेको ज्वालामुखी. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो लाव्हा पातळ होता. भेगांतून शांतपणे पसरत गेला आणि थरावर थर बसले. एबेकोची जात निराळी. इथे पॅसिफिक महासागराचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तिथला प्रचंड तुकडा, वर्षाला सुमारे आठ सेंटीमीटर या वेगाने बेटांखाली घुसतो. जाताना तो खडकांत मुरलेलं पाणीही खाली नेतो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात शिरलं की खडकाचा वितळणांक उतरतो, आणि तयार होणारा शिलारस दाट, वायूंनी भरलेला असतो. म्हणून तो वाहत नाही, फुटतो. 2016 पासून एबेको वरचेवर राख उडवतो आहे. वारा गावाकडे असला की बर्फावर करडा थर बसतो आणि हवेत सडक्या अंड्यांचा वास येतो. ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. ती म्हणजे खडकाचा आणि काचेचा बारीक चुरा, डोळ्यांना आणि फुप्फुसांना बोचणारा. ज्वालामुखी आणि सुनामी, दोन्हींचं मूळ त्या एकाच सरकत्या भूपट्टात आहे.

30 जुलै 2025 रोजी तोच पट्टा पुन्हा तुटला. आपल्याकडे पहाटेचे पाचही वाजले नव्हते, तिथे सकाळ होती. तीव्रता 8.8. 1952 च्या भूकंपाची 9.0 होती, म्हणजे या वेळची ऊर्जा निम्मी. तरी आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांत याची गणना होते. दहा दिवस आधी, 20 जुलैला, 7.4 चा धक्का बसला होता. तो पूर्वसूचक होता हे कळलं ते नंतर. पहिलं पाणी येण्याआधी इशारा निघाला आणि लोक उंचावर गेले. सेवेरो-कुरिल्स्कला एकामागून एक लाटा आल्या, तीन ते पाच मीटर उंच. बंदर आणि मासळीचा कारखाना पाण्यात गेला, लाकडी इमारती तरंगत निघाल्या. गावात एकही माणूस दगावला नाही. हैदराबादच्या सुनामी इशारा केंद्राने भारताला धोका नसल्याचंही लवकरच कळवलं.

या वेळची लाटही लहान होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेळ दिवसाची होती, महिना उन्हाळ्याचा. पण मुख्य गोष्ट म्हणजे 1952 नंतर गाव जुन्या जागी उभारलं नाही, घरं वरच्या सपाटीवर नेली. सोव्हिएत संघाने सुनामी इशारा यंत्रणाही त्या घटनेनंतरच उभी केली. आणि या खेपेला लाट येऊन गेल्यावर लोक खाली उतरले नाहीत, वरच थांबून राहिले. मला यातली ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

भूकंपशास्त्रज्ञांना मात्र या भूकंपाने कोड्यात टाकलं आहे. वर्षाला आठ सेंटीमीटर धरले तर 73 वर्षांत सहा मीटरही ताण साचत नाही. 2025 मध्ये दोन भूपट्टांच्या सांध्याचे काही भाग त्याहून जास्त सरकल्याचं गणितातून दिसतं. म्हणजे 1952 मध्ये सगळा ताण मोकळा झालाच नव्हता, काही शिल्लक खाली राहिली होती. मोठा भूकंप होऊन गेला की तो पट्टा शे-दोनशे वर्षं शांत राहील, हा अंदाज त्यामुळे डळमळला आहे. उरलेली शिल्लक कुठे आणि किती, ते मोजायचं तर उपकरणं खोल समुद्रात, भूपट्ट जिथे खाली घुसतो त्या गर्तेच्या काठाशी तळावर ठेवावी लागतात.

बंदर मात्र वर नेता येत नाही. बोटी खालीच लागतात, मासळी खालीच उतरते, कारखाना धक्क्याला लागूनच ठेवावा लागतो. सेवेरो-कुरिल्स्कचे लोक रोज सकाळी जुनं गाव जिथे होतं त्या पट्ट्यावर कामाला उतरतात आणि संध्याकाळी चढ चढून घरी जातात.