लालबुंद गालांचा व्हॅम्पायर

काळ्या झग्यातला, फिकट चेहऱ्याचा, सडपातळ सरदार पाहून अठराव्या शतकातल्या सर्बियन शेतकऱ्याला व्हॅम्पायरची शंकाही आली नसती. त्याचा व्हॅम्पायर म्हणजे गावातच नुकताच वारलेला कुणीतरी, पोट फुगलेला आणि तोंड लालबुंद.

१७२५ साली सर्बियातल्या, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या किसिलेवो गावात पेटर ब्लागोयेविच वारला आणि पाठोपाठ आठवडाभरात नऊ जण गेले. तो रात्री येऊन गळा आवळतो, असं त्यांनी मरताना सांगितलं होतं म्हणे. गावाने थडगं उकरलं, तेव्हा ऑस्ट्रियाचा एक सरकारी अधिकारी हजर होता. त्याने अहवालात लिहिलं की प्रेत बरंचसं ताजं आहे, जुनी कातडी सोलवटून खाली नवी आली आहे, नखंही नवी आहेत आणि तोंडात रक्त आहे. गावकऱ्यांनी छातीत खुंटी ठोकून प्रेत जाळलं.

यातलं काहीही खोटं नसावं, चुकला तो अर्थ. मृत्यूनंतर आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात आणि पोट फुगतं. त्या दाबाने रक्तमिश्रित द्रव नाकातोंडातून बाहेर येतो. वरची त्वचा सुटली की खालचा लालसर थर दिसतो. नखं गळून पडल्यावर उघडी पडलेली जागा नव्या नखांसारखी भासते. थंड मातीत, खोल पुरलेलं प्रेत तर फारच सावकाश कुजतं. १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा राणीचे वैद्य गेरार्ड फान स्वीटन यांनी हा सगळा प्रकार अंधश्रद्धा ठरवला आणि राणीने थडगी उकरण्यावर बंदी आणली.

समजूत मात्र अटलांटिकपार टिकली. तिथे घरच्या घर पोखरणारा क्षयरोग तिच्या मदतीला होता. १८९२ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये क्षयाने गेलेल्या मर्सी ब्राउनचं प्रेत बाहेर काढलं, काळीज जाळलं आणि त्याची राख आजारी भावाला पाजली. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जिवाणू दहा वर्षं आधीच शोधला होता! भाऊ दोन महिन्यांत गेला.

सरदार आला तो कथेतून. १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी या डॉक्टरनेच व्हॅम्पायरला उमराव केलं, खेड्यातून लंडनच्या दिवाणखान्यात नेलं आणि चेहऱ्यावरचा रंग काढून घेतला. १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला त्याचाच वारस, पण तोही दिवसाउजेडी खुशाल हिंडतो. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे पडद्यावर रुजवलं ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाने.