‘वऱ्हाड’ दोनदा का दिसतो? वाचन सूचीतलं निंदण

८ जुलै २०२५ ला मोझिलाने ‘पॉकेट’ ही सेवा बंद केली. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’, म्हणजे ‘नंतर वाचू’, या नावाने ती सुरू झाली होती. ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवण्याची सवय मात्र बंद झालेली नाही. आता ती ब्राउझरच्या ‘वाचन सूची’त भरते. जून उजाडायच्या आत बियाण्यांवरचे लेख, मग बोंडअळी, मग पीकविम्याची शेवटची तारीख, मग संत्र्याचा अंबिया बहार. दिवाळीपर्यंत दोनशे नोंदी सहज होतात, आणि नेमका हवा तो लेख सापडत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. सूची भरली म्हणून मोबाइल हळू चालतो, हे खरे नाही. सूचीतली नोंद म्हणजे मुख्यतः पानाचा पत्ता, शीर्षक आणि तारीख. हे सगळे मिळून साधारण अर्धा केबी. पाचशे नोंदी धरल्या तरी अडीचशे केबी, म्हणजे धुऱ्यावर उभे राहून काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी. ‘एका बटणात मोबाइल सुसाट’ म्हणणारी सफाईची ॲप यासाठी घेऊ नयेत. ती स्वतःच जागा खातात, जाहिराती दाखवतात आणि सूचीतला कचरा तसाच राहतो.

खरी अडचण दुसरीच आहे. एकच लेख सूचीत तीन-तीनदा बसलेला असतो. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

तोच पत्ता पुन्हा टाकला तर क्रोम नवी नोंद करत नाही. पण ‘तोच’ म्हणजे अक्षरन् अक्षर तोच. लेख एकदा व्हॉट्सॲपच्या गटातून आला, एकदा फेसबुकवरून आणि एकदा गूगलवर शोधून उघडला, तर पत्त्याचा सुरुवातीचा भाग सारखा असतो, शेपूट वेगळे. पत्त्यात प्रश्नचिन्ह आले की त्यापुढे जोड्या सुरू होतात: नाव, बरोबरचे चिन्ह, किंमत; दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’. यातल्या ‘यूटीएम’ने (utm) सुरू होणाऱ्या जोड्या वाचक कुठून आला हे मोजण्यासाठी असतात. त्यातला ‘यू’ म्हणजे गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेली अर्चिन कंपनी. ‘एफबीसीएलआयडी’ (fbclid) ही जोडी फेसबुक चिकटवते. पान पाठवणाऱ्या सर्व्हरला या जोड्यांनी फरक पडत नाही, तो तोच लेख पाठवतो. ब्राउझरला मात्र हे तीन वेगळे पत्ते दिसतात.

उपाय सोपा आहे. लेख उघडा, वरच्या पत्त्यावर बोट ठेवा, पेन्सिलचे चिन्ह दाबा आणि ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीसीएलआयडी’च्या जोड्या पुसून पान पुन्हा उघडा. नीट उघडले तर हाच पत्ता सूचीत टाका आणि बाकीच्या नोंदी काढा. पण प्रश्नचिन्हापुढचे सगळेच सरसकट पुसू नका. यूट्यूबच्या पत्त्यात ‘व्ही’ची (v) जोडी म्हणजे खुद्द व्हिडिओची ओळख असते, ती गेली की व्हिडिओ गेला. काही संकेतस्थळांवर लेखाचा क्रमांकही तिथेच असतो.

मराठी पत्त्यांचा गुंता याहून खोल आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, उकार, हलंत ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन आकडे-अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. म्हणजे एका ‘क’ची ९ अक्षरे. ‘कापूस’ म्हणजे क, काना, प, ऊकार, स अशी ५ चिन्हे. पत्त्यात त्यांची ४५ अक्षरे होतात. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीत लेखाच्या नावाला पत्त्यात २०० अक्षरांची मर्यादा असते. मराठीत ती जेमतेम २२ चिन्हांत संपते आणि शीर्षक मध्येच तुटते. सारखी सुरुवात असलेल्या दोन लेखांचे तुटके पत्ते मग सारखेच होतात, म्हणून वर्डप्रेस दुसऱ्याच्या शेवटी ‘-2’ लावते. तेव्हा शेवटी दोनचा आकडा दिसला म्हणून दुबार समजून काढू नका. तो पूर्ण वेगळा लेख असू शकतो.

आता ‘वऱ्हाड’. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ‘ह’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलंत, मग न दिसणारे एक जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर ‘वऱ्हाड’ आणि ‘वर्‍हाड’ सारखेच दिसतात. यंत्रासाठी पहिला १८ बाइटचा, दुसरा २१ बाइटचा. ‘पऱ्हाटी’, ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘धुऱ्यावर’ यांचेही तसेच. चिन्हाला चिन्ह जुळवणाऱ्या शोधात एका रूपाने दुसरे सापडत नाही. म्हणून सूचीत शोधताना हा अर्धा ‘र’ टाळून शब्दाचा उरलेला तुकडा टाका: ‘शेतकऱ्यांसाठी’ऐवजी नुसते ‘शेतक’.

काय काढायचे हे लेखाच्या वयावरून ठरते. बाजारभाव, पाच दिवसांचा हवामान अंदाज, उलटून गेलेली अंतिम तारीख हे न उघडताच काढा. मंत्राने किंवा जडीबुटीने साप उतरवण्याचे लेख तर आजच काढा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिसर्पविष चालते, ते दवाखान्यातच मिळते, आणि मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत येत नाही.

पिकांचे लेख ठेवताना त्यातला कामाचा आकडा वहीत उतरवा. उदाहरणार्थ, गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे). सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले तर फवारणीचा निर्णय. शेजारी लेख कोणाचा आणि कोणत्या तारखेचा, हे लिहा. एवढे उतरवले की नोंद काढता येते. पानेही मरतात: प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ च्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी सापडली नाहीत.

मेळघाट किंवा एटापल्लीसारख्या भागात जिथे रेंज येते-जाते, तिथे सूचीत टाकले म्हणजे पान मोबाइलमध्ये उतरले असे धरू नका. तीन टिंबांच्या मेन्यूतला खाली जाणारा बाण दाबला की चित्रांसह पान ‘डाउनलोड’मध्ये साठते. ते दोन-तीन एमबीचे असू शकते, म्हणून जागा हवी असेल तर आधी तिथे पाहा.

साफ करताना जपायच्या गोष्टी दोन. एकाच खात्याने मोबाइल आणि संगणक जोडलेले असतील, तर इथे काढलेले तिथूनही जाते. आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ब्राउझरचा ‘कॅशे’, म्हणजे तात्पुरता साठा, पुसला तर सूची राहते, पण त्याच्याच शेजारचे ‘स्टोरेज साफ करा’ दाबले आणि खाते जोडलेले नसेल, तर बुकमार्कसह सगळी सूची जाते आणि ती परत आणता येत नाही.