शास्त्रज्ञांच्या प्रदर्शनात लिफ्ट जवळ हवी

शास्त्रज्ञांवरचं प्रदर्शन म्हटलं की फोटो, पदकं आणि जन्ममृत्यूची सालं. लोक चालता चालता बघतात आणि पुढे जातात. संशोधकाला नेमकं काय अडलं आणि त्याने काय ठरवलं, ते दिसलं तरच पाय थांबतात.

नवी मुंबईत अशा प्रदर्शनासाठी विषय दारातच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था नवीन पनवेलला आहे आणि तिची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत. तिथे १८४१ पासून चुंबकी नोंदी होत. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकी क्षेत्र मोजायचं एकक) कोसळला, तो आकडा तिथलाच. पुढे विजेच्या ट्राम येणार हे स्पष्ट झालं. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह चुंबकाला नाचवणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये काम अलिबागला नेलं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जागा बदलली की मूळ आकडाच बदलतो, आणि दोन्हींतला फरक माहीत असेल तरच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. मुख्य फलक या निर्णयाचा करावा. पदकांना कोपरा पुरे.

शेजारी चालतं उपकरण ठेवा: टांगलेला चुंबक किती फिरला ते भिंतीवरच्या लेसरच्या ठिपक्याने दाखवणारं. १० मिलिमीटर व्यासाच्या निओडिमियम चुंबकाच्या चकतीवर तेवढाच आरसा चिकटवायचा (चकाकता थर काचेच्या पुढच्या बाजूला असलेला, साध्या आरशाचे दोन ठिपके पडतात) आणि चकती उभी राहील अशी टांगायची. आरसा आपोआप उत्तर-दक्षिणेकडे तोंड करतो, त्यामुळे लेसरची बाजूही ठरून जाते. लेसर १ मिलिवॉटच्या आतला, डोळ्यांच्या उंचीवर मुळीच नको. धागा पीळ नसलेला रेशमी, साधारण ३० सेंटिमीटर. सुती धागा पावसाळ्यात दमट हवा पितो, पीळ सोडतो आणि ठिपका दिवसभर सरकत राहतो. चुंबक लावण्याआधी धाग्याला रात्रभर पितळेचं वजन लटकवून ठेवलं की उरलासुरला पीळही निघतो. भोवती काचेची पेटी, नाहीतर पंख्याचा वारा मोजला जाईल. चुंबकाखाली जवळच तांब्याची जाड पट्टी ठेवली की डुलणं लवकर थांबतं. स्टँड लाकडी, स्क्रू पितळी; दुकानदाराच्या शब्दावर न जाता प्रत्येक स्क्रू चुंबकाला लावून बघा.

चुंबक अंशाचा साठावा भाग फिरला, तर परावर्तित किरण त्याच्या दुप्पट फिरतो आणि ४ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका २.३ मिलिमीटर सरकतो. शांत दिवशीचे नैसर्गिक बदल याच मापाचे, म्हणजे अंशाच्या जेमतेम काही साठाव्या भागांइतके असतात. गर्दीत ते टिपता येणार नाहीत: कुणाच्या पर्सला चुंबकी बटण, कुणाच्या फोनच्या कव्हरला चुंबक. कठडा दीड मीटरवर ठेवला तरी हे पुरतं टळत नाही.

म्हणून सभागृहाचा शांत कोपरा शोधण्यापेक्षा मी उपकरण लिफ्टपासून काही मीटरवर मांडेन. लिफ्टचं लोखंड वरखाली गेलं की ठिपका भिंतीवर सरकतो, आणि मूस कुलाबा सोडून का गेले ते फलक न वाचताही कळतं. ठिपक्यामागे मिलिमीटरचा आलेखकागद लावा. खरा दैनंदिन बदल बघायचाच असेल तर सुट्टीच्या दिवशी, लिफ्ट बंद ठेवून सकाळपासून दर तासाला पेन्सिलने खूण करा.